आईच्या देवाला पदर होता

यंदाही दोन्ही उपास एकदमच आले. नसरीनचा रमजान आणि आमचा राखेचा बुधवार, एकाच आठवड्यात. सकाळी चर्चमध्ये जाऊन कपाळावर राख लावून घेतली, तशीच ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरले, तर सिक्युरिटीवाला हळूच म्हणतो, "मॅडम, माथे पे कुछ लगा है." मी म्हटलं, "लगा नहीं भैया, लगवाया है." बिचारा ओशाळला. वर पोचले तर रिसेप्शनवरच्या पोरीनं टिश्यूचा डबा पुढे केला. दर वर्षी हेच होतं आणि दर वर्षी मी पुसत नाही. संध्याकाळपर्यंत घामानं जायची ती जाते, पण कोणी सांगितलं म्हणून पुसायची नाही, हे ठरलेलं. स्वभावच तसा आहे माझा, काय करणार.

मी फिलोमिना. माहेर वसईचं, केळीच्या वाड्यांमधलं. इथं अबुधाबीत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे इंजिनियर लोकांनी हरवलेली ड्रॉइंग शोधून देते आणि वर त्यांचेच टोमणे ऐकते. अर्धं आयुष्य इथं गेलं. तरी हे दिवस आले की नाकाला दोन वास एकदम येतात. एक इथला. दुपारी ऑफिस लवकर सुटतं, रस्ते ओस पडतात, आणि मग सूर्य खाली उतरायला लागला की मशिदीजवळच्या तंबूंतून शिजणाऱ्या हरीसचा, म्हणजे गहू आणि मटण घोटून केलेल्या खिमटीचा, जड तुपाळ वास येतो. सकाळी धुकं एवढं दाट की समोरची इमारत दिसत नाही. नगरपालिकेनं चौकाचौकात लावलेली पेटुनियाची फुलं त्या धुक्यात भिजून बसलेली असतात, आणि दुपारी तीच उन्हानं मान टाकतात.

दुसरा वास घरचा. चर्चमधले सगळे पुतळे जांभळ्या कापडात झाकून ठेवायचे, त्या कापडाचा पेटीतला, कापराचा वास. अंगणात पांढरा कांदा वाळत पडलेला. शुक्रवारी घरात मटण नाही, मासळी नाही, नुसती तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण. आणि दुपारी जात्याची घरघर, आणि आईचा आवाज. आई चर्चमध्ये गायची नाही. तिथं गायचे ते मास्तर आणि त्यांची गायनमंडळी. आई जात्यावर गायची.

यंदा हे सगळं आठवतंय ते मागच्या वर्षीच्या उपासकाळामुळे, म्हणजे राखेच्या बुधवारपासून इस्टरपर्यंतच्या त्या चाळीस दिवसांमुळे. तसा उपासकाळ पुन्हा येऊ नये कोणाच्या वाट्याला. पण आला होता, आणि त्यात जे झालं त्याची मला लाज वाटत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

शेरन आमच्याच वसईकडची मुलगी. नवरा नेल्सन इथल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. माझ्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीतच एक बेडरूमचा फ्लॅट, आणि त्यातली अर्धी खोली पाळण्यानं अडवलेली. पोर दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला यायची तेव्हा पोटावर हात ठेवून बसायची आणि वाचन चालू असताना मधूनच हसायची. आत लाथ बसली की हसायची. मी मागच्या बाकावरून बघत असायचे. दिवस भरत आले होते. आणि एका सकाळी लाथ बसली नाही.

मुलगी झाली. रडली नाही. हॉस्पिटलातल्या नर्सनं पायाला पट्टी बांधली होती, त्यावर लिहिलं होतं 'बेबी ऑफ शेरन'. फादर आले, प्रार्थना केली, शहराबाहेर वाळूत आमच्या लोकांसाठी दफनभूमी आहे तिथं नेल्सननं स्वतःच्या हातांनी ती एवढीशी पेटी खाली ठेवली. तोपर्यंत सगळं नीट झालं. फादरांनी एक शब्द जास्तीचा काढला नाही, म्हणून मला ते आवडतात.

जास्तीचे शब्द घरी सुरू झाले. आमचा मराठी कॅथलिकांचा एक गट आहे, वसई-मुंबईकडची माणसं. गटाचे प्रमुख अँटन सर. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पांढरा शर्ट, बायबलचा कोर्स केलेला, बोलणं अगदी मोजून-मापून. वाईट माणूस नाही. कोणाची नोकरी गेली की पहिला फोन त्यांचाच असतो. पण त्या दिवशी शेरनच्या घरी सोफ्यावर बसून ते म्हणाले, "हे बघ बाळा, ज्या देवानं नुसत्या शब्दानं सगळी सृष्टी निर्माण केली, त्याचं कधी काही चुकत नाही. त्याच्या सामर्थ्यावर विश्वास ठेव."

शेरन भिंतीकडे बघत होती. दोन दिवसांत एक अवाक्षर बोलली नव्हती. ती वळली आणि म्हणाली, "सर, सूर्य-चंद्र नुसत्या शब्दानं केले ना त्यानं? मग माझ्या पोरीच्या एका श्वासासाठी एक शब्द काढायला त्याला काय झालं होतं?"

 मग एका बाईनं "शेरन, असं बोलू नये गं" म्हटलं, दुसरीनं "देवाची इच्छा" म्हटलं, तिसरीनं तर कहर केला, म्हणाली, "कधी कधी देव आपल्याला शिकवण्यासाठी करतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चहाचे कप उचलले आणि आत जाऊन सिंकमध्ये असे आदळले की एकाचा कान गेला. पुढच्या रविवारी शेरन मिस्साला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नेल्सन मला खाली पार्किंगमध्ये गाठून म्हणाला, "आंटी, ती दोनच गोष्टी बोलते. एक तर म्हणते देवानं मुद्दाम केलं. नाहीतर म्हणते, माझंच काहीतरी पाप असणार. तिसरं काही तिला सुचतच नाही. मी काय सांगू तिला?"

तिसरं काही. ते दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. कारण तिसरं मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. जन्मला तो असाच, आवाज न करता. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच गेलेलं मूल. त्या काळची रीत अशी की अशा मुलाला दफनभूमीत जागा नाही. चर्चच्या कुंपणाबाहेर, बांधाला, जिथं गुरं चरतात तिथं पुरायचं. घंटा नाही, मेणबत्ती नाही, काही नाही. शास्त्रच तसं, असं वडीलधाऱ्यांनी सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. ती अंगठेबहाद्दर नव्हती, चौथीपर्यंत शिकलेली होती, पण फादरांशी वाद घालणारी बाई तेव्हा आमच्या आळीत जन्मली नव्हती.

आळीतल्या बायकांची मात्र स्वतःची एक रीत होती. ज्या घरात मूल टिकलं नाही त्या घरी त्या सांत्वनाला जायच्या नाहीत. तांदूळ घेऊन जायच्या. जात्यापुढे त्या आईला बसवायच्या, तिची मूठ खुंट्यावर ठेवायच्या, वर आपली मूठ ठेवायच्या आणि दळायला लागायच्या. 'दळायला बसवणं' म्हणायचे त्याला. बोलायचं काही नाही. पीठ पडत राहायचं. बाई रडली तर रडू द्यायची, नाही रडली तरी चालायचं. आईलाही तसं बसवलं, आणि त्या दळणात तिनं एक ओवी रचली. पुढे आळीत कोणाच्याही घरी असा प्रसंग आला की बायका आईला बोलवायच्या, आणि ती तीच ओवी म्हणायची. मी फ्रॉकमध्ये कोपऱ्यात बसून ऐकलेली आहे.

देव माझा उभा, चिखलाच्या वाफ्यात
चंद्र घडवी हातात, वाळत घाली

देव माझा थके, घाम पुसी बाई
निसटून जाई, एक मडकं

फुटलेलं मडकं, टाकी ना तो कुठे
पदरी बांधून उठे, दिसभर वागवी

एवढीच. आईच्या देवाला पदर होता. तो बाप्या की बाई, हे आईनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लाल लुगडं नेसून वाडीत पाणी सोडणाऱ्या बायका मी रोज बघत होते, गुडघाभर चिखलात उभ्या. देव तसाच असणार, असं मला वाटायचं, आणि रविवारी चर्चमध्ये वाचन झालं की देव बोलला आणि उजेड झाला, तेव्हा मी मनात म्हणायचे, हा दुसरा कोणीतरी असेल. मोठा साहेब असेल. आपला तो वाडीतला.

नसरीन अकाउंट्समध्ये आहे, चिपळूणकडची, माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठी आणि शंभर वर्षांनी शहाणी. उपासाच्या दिवसांत जेवणाची सुट्टी आम्ही दोघी रिकाम्या मीटिंग रूममध्ये काढतो, ती तिच्या पठणाला आणि मी पाय वर करून. मी तिला सगळं सांगितलं. शेरनचं, अँटन सरांचं, आईच्या ओवीचं. तिनं किताब कापडात गुंडाळून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आमच्यातही तसंच आहे बघ. त्यानं म्हटलं 'हो', म्हणजे 'घडून ये', की झालं. मधे काही नाही. ना माती, ना घाम."

"आणि थकत नाही?"

"अल्ला? नाही गं बाई. त्याला डुलकी पण येत नाही. तो थकला तर हे आभाळ धरणार कोण, तू का मी?" मग म्हणाली, "मला तुझ्या आईचं पटत नाही, फिलू. खरं सांगते. मला न थकणाराच हवा. माझा भाऊ समुद्रात गेला तेव्हा मला एकच आधार होता, की कोणाचा तरी हात त्या पाण्यावर आहे, आणि तो हात ढिला पडत नाही. पण त्या पोरीला आत्ता आभाळ धरणारा नकोय. तिच्याजवळ बसणारं कोणीतरी हवंय. तू जा आणि म्हण तुझ्या आईचं."

हे मला आवडतं नसरीनचं. पटत नाही म्हणते आणि जा म्हणते.

त्या दिवसांत मी खूप विचार केला, बसमध्ये, ऑफिसात, भाजी निवडताना. आमच्याच ग्रंथात तो एक माणूस आहे, ज्याची सगळी मुलं एका वादळात गेली. तो देवाला जाब विचारतो. आणि देव उत्तर काय देतो? सृष्टी दाखवतो. समुद्राला मी दारं लावली, ताऱ्यांना मी जागा दिल्या, तेव्हा तू होतास का तिथे? फार सुंदर आहे ते, वाचताना अंगावर काटा येतो. पण मी आई आहे, आणि मला विचारावंसं वाटतं, अरे, त्यानं मुलांचं विचारलं होतं ना? तारे कुठे काढलेस मधेच? सामर्थ्य दाखवणं हे उत्तर असतं का? आमचा प्रोजेक्ट मॅनेजर असंच करतो. साइटवर काही बिघडलं आणि आपण विचारलं की तो आपली डिग्री सांगतो.

आणि दुसरीकडे शाळेत शिकलेली आपली संतांची कविता. त्यात देव काय काय करतो! दळू लागतो, पाणी भरतो, शेण्या वेचतो, भक्ताचं ओझं डोक्यावर घेतो. वेदांमध्ये म्हणे एक फार जुनं सूक्त आहे, त्यात शेवटी विचारलंय की हे सगळं कुठून आलं ते त्या वरच्याला तरी माहीत असेल का, कोण जाणे. एवढं मोठं धाडस, आणि तेही धर्मग्रंथात! म्हणजे शास्त्रात सगळीकडे अँटन सरच बसलेले नाहीत. आमच्याच बायबलच्या पहिल्या अध्यायात देव बोलतो आणि होतं, पण पान उलटलं की दुसऱ्या अध्यायात तोच देव खाली बसून माती घेतो, माणूस घडवतो, त्याच्या नाकात फुंकर घालतो. हात मळल्याशिवाय माणूस झालाच नाही. मग आईनं काय वेगळं सांगितलं? फक्त एक गोष्ट जास्तीची सांगितली, जी घडवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. कधी कधी हातातून निसटतं. आणि ज्याच्या हातातून निसटतं त्याला ते सगळ्यात जास्त लागतं.

उपासकाळात आमच्या गटाची एक प्रार्थनासभा असते, चर्चच्या आवारातल्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. मागच्या वर्षी अँटन सरांनी विषय दिला, 'निर्मितीतील देवाचे सामर्थ्य'. प्रत्येकानं एक शास्त्रपाठ किंवा एक गीत आणायचं. मी सरांना फोन केला. म्हटलं, मी माझ्या आईची ओवी म्हणणार आहे.

"चर्चच्या गायनपुस्तकात आहे का ती?"

"नाही सर. आईच्या तोंडात होती."

"मग आधी मला व्हॉट्सॲपवर पाठवा. एकदा नजर घालतो."

पाठवली. तासाभरात उत्तर आलं. काय सांगू तुम्हाला! माणसानं माझ्या आईची ओवी दुरुस्त करून पाठवली होती. 'देव माझा थके'च्या जागी 'देव कधी न थके'. 'निसटून जाई एक मडकं'च्या जागी 'निसटत नाही एकही मडकं'. आणि पदराच्या जागी 'कृपाछत्री'! खाली लिहिलं होतं, 'भाव सुंदर आहे. सिद्धांताच्या दृष्टीने किरकोळ बदल केले आहेत. गॉड ब्लेस.'

मी फोन लावला. "सर, मडकं निसटतच नाही, मग तिसऱ्या ओवीत फुटलेलं कुठून आलं?"

"तो भाग आपण गाळू या."

"आणि पदर काढून छत्री कशाला दिलीत?"

"फिलोमिना, देवाला पदर? लोक काय म्हणतील? देव सर्वसमर्थ आहे. तो थकतो म्हणणं म्हणजे त्याच्या सामर्थ्यावरच शंका घेणं आहे."

"पण तुमच्याच दुसऱ्या अध्यायात तो मातीत हात घालतो."

"ती प्रतीकात्मक भाषा आहे."

"मग माझ्या आईची काय सरकारी भाषा आहे?"

त्यावर त्यांनी "आपण नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. माझी मुलगी शेजारी लॅपटॉपवर होती, म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ साँग. जस्ट सिंग हिज व्हर्जन." मी तिला म्हटलं, "तुझं नाव बदलून कोणी सुटसुटीत केलं तर चालेल तुला?" ती म्हणाली, "ओके, ओके, यू विन."

सभेच्या दिवशी नेल्सननं शेरनला हाताला धरून आणलं. केस कसेतरी बांधलेले, डोळे सुजून बारीक झालेले. दाराजवळच्या खुर्चीत बसली, म्हणजे कधीही उठून जाता येईल. एसी गारठा ओतत होता, आणि खिडकीबाहेर शेजारच्या शाळेची पोरं फुटबॉल खेळत होती. एकेक जण उठून वाचत होता. कोणी पर्वतांचं वाचलं, कोणी समुद्राचं, कोणी पक्ष्यांचं. सगळं भव्य, सगळं सुरेख. प्रत्येक वाचनानंतर शेरनची मान आणखी खाली जात होती. मला दिसत होतं. एवढा मोठा देव आणि एवढं मोठं सामर्थ्य, एकेक दगड तिच्या अंगावर रचत होते लोक.

माझी पाळी आली. माइककडे गेलेच नाही. दाराकडे गेले, एक प्लॅस्टिकचं टेबल ओढलं, शेरनच्या समोर ठेवलं आणि तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "बाळ, आमच्या आळीत मूल टिकलं नाही की आईला दळायला बसवतात. माझ्याकडे जातं नाही. मूठ दे."

तिनं दिली. थंडगार होती. मी वर माझी मूठ ठेवली आणि टेबलावर गोल फिरवायला लागले, जसं खुंटा धरून फिरवतात तसं. आणि ओवी म्हटली. जशी आईनं म्हटली होती तशी, थके म्हणून, मडकं म्हणून, पदर म्हणून. माझा आवाज काही चांगला नाही. पण तीन ओव्या संपल्या की पुन्हा पहिलीवर यायचं असतं, दळण संपेपर्यंत, तशी मी पुन्हा पुन्हा आले. कितीदा म्हटली माहीत नाही. मधे कधीतरी माझ्या लक्षात आलं की मूठ मी फिरवत नाहीये, ती फिरवतेय.

शेवटी आम्ही थांबलो. अँटन सर उभे राहिले. शांतपणे, अगदी प्रेमानंच म्हणाले, "फिलोमिनानं जे गायलं ते भावनेच्या भरात. त्याबद्दल आपण तिला समजून घेऊ. पण कोणाचा गैरसमज नको. आपला देव थकत नाही. त्याच्या हातून काही निसटत नाही."

शेरन उठली. मला वाटलं, चालली. ती म्हणाली, "सर, माझी पोर त्याच्याकडे आहे. ज्याला थकणं म्हणजे काय तेच माहीत नाही, त्याच्याकडे मी तिला ठेवणार नाही. तुमचा देव मोठा असेल. तो तुम्ही ठेवा. मला यांचा द्या."

आणि मग ती रडली. पोर गेल्यापासून पहिल्यांदा रडली. नेल्सन धावत आला. दोन-तीन बायका उठल्या, मी त्यांना हातानंच बसा म्हटलं. सांत्वन नको होतं तिथं.

सर गप्प बसले नाहीत, तेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी गटावर मेसेज आला, यापुढे सभेत फक्त मान्यताप्राप्त गीतं म्हणावीत. मी खाली लिहिलं, 'नाही.' एवढंच. मला गटातून काढलं नाही, कारण इस्टरच्या जेवणाला दोनशे माणसांच्या फुग्या, म्हणजे मैद्याचे फुगणारे गोळे, तळणारी दुसरी कोण मिळणार त्यांना! फुग्या तळल्या मी, सरांनीही चार खाल्ल्या. वैर नाही आमचं. ते त्यांच्या जागी ठाम आहेत आणि मी माझ्या.

खरं कोण, हे मला माहीत नाही. रविवारी सगळ्यांबरोबर उभी राहून मीही 'सर्वसमर्थ' म्हणते, आणि खोटं म्हणत नाही. नसरीनचा न डुलकणारा देव मला रात्री विमानात बसल्यावर हवाच असतो. पण सामर्थ्य म्हणजे नेमकं काय, एवढं विचारायचा हक्क मला कोणी देण्याची गरज नाही. बोललं आणि झालं, हे मोठंच सामर्थ्य. पण घडवताना हात भरून आले, हातातलं फुटलं, तरी त्याचा एक तुकडा न टाकता कमरेला बांधून दिवसभर काम करत राहायचं, याला काय म्हणायचं? मी हे बायकांना करताना बघितलंय. देवाला जमत नाही असं तुम्ही म्हणता? मग तुमचाच देव लहान झाला.

परवा, राखेच्या बुधवारी, कपाळावरची राख अजून होती तेव्हा शेरनचा फोन आला. दुबईला, देरा भागात, तिच्या ओळखीची एक मुलगी आहे. साताऱ्याकडची, वारकऱ्यांच्या घरातली. नवरा साइटवर, घरात दुसरं कोणी बाईमाणूस नाही. तिचं मूल दोन रात्रींपूर्वी गेलं होतं.

"मी चाललेय आंटी. बस पकडलीय. तिला दळायला बसवते."

"मी येऊ?"

"नको. मला येतं." मग आवाज खाली करून म्हणाली, "आंटी, एक विचारू? मी म्हणते तेव्हा 'थके' म्हणत नाही. 'देव माझा रडे' म्हणते. आपोआप तसंच येतं तोंडात. चालेल ना? तुमच्या आईचं आहे म्हणून विचारते."

सरांनी एक शब्द बदलला तेव्हा मी पेटले होते. आता मात्र पेटले नाही, कारण तिनं काय देऊन तो शब्द घेतलाय हे मला माहीत होतं.

"चालेल."

"आणि ही मुलगी फार चिडलीय हो. काल फोनवर म्हणाली, तुमचा देव, आमचा देव, सगळे झोपले होते त्या रात्री. तिनं जर ओवीत तेच घातलं तर? देव माझा निजला, असं?"

"तर निजला म्हणायचं," मी म्हटलं. "मडकं टाकलं नाही ना, तेवढं बघ."